सस्पेन्स खात्यातला बहिर्जी

मराठी वाचकाला रहस्यकादंबरी आवडते. रहस्य मात्र त्याला खपत नाही. हे माझं मत बनलं ते बहिर्जी नाईकांवरच्या कादंबऱ्यांविषयी लोकांचे अभिप्राय ऐकून ऐकून. शिवाजी महाराजांच्या या हेरावर आता एकाहून अधिक कादंबऱ्या आहेत. त्यातली कोणतीही काढा, अभिप्राय ठरलेले.

मी पडलो बी.कॉम. आणि त्यातून बँकेतला कारकून. साहित्यातलं मला काही कळत नाही, असं आमच्या घरात एकमतानं मंजूर झालेलं आहे. पण जमाखर्च कळतो. तेव्हा आधी बहिर्जीच्या खात्यावर जमा किती, ते पाहू. कृष्णाजी अनंत सभासदानं १६९४ च्या सुमारास बखर लिहिली. तीत बहिर्जी येतो तो मोजक्या ओळींपुरता. सुरतेची खबर त्यानं आणली आणि जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली. १६७९ मध्ये जालना लुटून येताना मोगल आडवे आले, तेव्हा त्यानं फौजेला आडवाटेनं पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोचवलं. सांगली जिल्ह्यात बाणूरगडावर त्याची समाधी दाखवतात. एवढ्या भांडवलावर कोणी पाचशे पानांची कादंबरी लिहिली, तर बाकीची पानं लेखकाच्या डोक्यातूनच येणार. म्हणून तर तिला कादंबरी म्हणतात!

पण हे सांगायचं कोणाला? मागच्या हिवाळ्यात आमची दहा-बारा पुस्तकवेडी मंडळी डबे बांधून तिरोडा तालुक्यातल्या बोदलकसाच्या तलावावर गेली होती. समोर पाणी, पलीकडे डोंगर, सभोवार जंगल. आणि या मंडळींनी सतरंजीवर बसल्या बसल्या बहिर्जी काढला.

पहिलं मत एका निवृत्त गुरुजींचं. "बहिर्जी फकीर बनून खानाच्या छावणीत शिरला म्हणता, पण याले आधार काय जी?"

मी म्हणालो, "गुरुजी, जो हेर शत्रूच्या दप्तरात सापडतो तो हेर नव्हे, कैदी." सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांनी त्या लुटीची हकीगत आपल्या पत्रांतून तपशीलवार लिहून ठेवली आहे. पण लुटीच्या आधी जो माणूस पेठ हिंडून गेला, त्यानं काय वखारीत जाऊन हजेरीपटावर सही करायची होती? हा समोरचा तलाव १९१७ सालचा, हे आपण छातीठोकपणे सांगतो, कारण तो बांधणाऱ्यांनी तसं लिहून ठेवलं. हेराचं सगळं कसब मागे काही लिहिलेलं न ठेवण्यात. त्याच्याकडेच पावती मागायची म्हणजे मुक्याला वक्तृत्वाचं बक्षीस का मिळालं नाही म्हणून विचारण्यासारखं आहे.

दुसरं मत भाविकाचं. हे गृहस्थ गुरुजींच्या बरोबर उलटे. "बहिर्जीच्या हाताखाली तीन हजार हेर होते!" जेवणं होईतो ते चार हजार झाले. आमच्या मुदत ठेवीसुद्धा या वेगानं वाढत नाहीत. "कशावरून?" असं विचारलं, तर म्हणाले, "कादंबरीत आहे ना राजेहो!"

तिसरं मत मात्र विनोदात घालवण्यासारखं नव्हतं. एकानं हळूच विचारलं, "पण तो मुळात कोणाचा?" सतरंजी एकदम जागी झाली. वांग्याच्या भाजीतले हात थांबले. सभासद त्याला जाधव म्हणतो. परंपरा सांगणारे रामोशी म्हणतात. आणखी कोणी आणखी काही. लगेच दोन बाजू पडल्या आणि कादंबरी चांगली की वाईट हे ठरलं ते लेखकानं नायकाला कोणाच्या घरी जन्माला घातलं यावर! अहो, ज्या माणसाचं सारं काम सोंगावर चालायचं, कोण-कुठला हे कोणाला कळू न देण्यावर ज्याचा जीव तगायचा, त्याची जात हुडकायला आपण साडेतीनशे वर्षांनी निघालो आहोत. मोगलांच्या पहारेकऱ्यांना जे जमलं नाही, ते आपण भाजी-रोडगे खाता खाता करणार!

चौथं मत रहस्यप्रेमी तरुणाचं. "शेवट आधीच कळला." बाळा, इतिहासाचा शेवट कळणारच. महाराज आग्र्याहून सुटणार, यात लेखक तरी काय फेरफार करणार? 'काय झालं' हे ठाऊक असताना 'कसं झालं असेल' यात जीव अडकतो, तेच या कादंबरीचं रहस्य. यापेक्षा बाबूराव अर्नाळकरांचे वाचक शहाणे. शेकडो रहस्यकथा त्यांनी वाचल्या, पण धनंजयचा जन्मदाखला कोणी मागितला नाही.

त्या दिवशी खरा वाचक आमच्यात एकच होता, आणि तो पुस्तक वाचतच नव्हता. दुर्बीण लावून पक्षी पाहत होता. एक पाखरू पाण्यावरून झर्रकन गेलं. आम्ही म्हणालो, "लिहून टाका काहीतरी, कोण पाहायला आलंय!" त्यानं वहीत वेळ लिहिली, जागा लिहिली आणि नावाच्या जागी लिहिलं, 'ओळख पटली नाही.' वही मिटली आणि आनंदानं भाकरी खायला बसला.

आमच्या बँकेत याला सस्पेन्स अकाउंट म्हणतात. रक्कम आली, पण कोणाची ते कळत नाही, तर ती मनाला येईल त्याच्या खात्यावर टाकायची नसते आणि कोणाची नाही म्हणून फेकूनही द्यायची नसते. कागद मिळेपर्यंत ती सस्पेन्समध्ये राहते. भाविक बहिर्जीला व्हाउचरशिवाय कायमच्या खात्यावर चढवतात, गुरुजी त्याला नावच मिळत नाही म्हणून खोडून टाकतात. दोघांनाही मी कॅश काउंटरवर एक दिवस बसू देणार नाही.

आता म्हणाल, एका कादंबरीसाठी एवढा संताप कशाला? सांगतो. एका शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी श्रोता होतो. एका चुणचुणीत मुलीनं बहिर्जीचे 'ऐतिहासिक उद्गार' म्हणून जे ठणकावले, ते शब्दशः एका कादंबरीतले होते. टाळ्या पडल्या, बक्षीस मिळालं. तिचा काय दोष? तिला शिकवणाऱ्यांनी खोटी नोंद खरी म्हणून हाती दिली. उद्या कोणी अभ्यासू माणूस तिला सांगेल की हे वाक्य बहिर्जीचं नव्हे. मग ती वाक्याबरोबर बहिर्जीलाही खोटा समजेल. खोट्या नोटा वाढल्या की लोक खऱ्या नोटेकडेही उजेडात धरून पाहतात, हे मी रोज बघतो.

म्हणून लेखकांना एकच विनंती. पुस्तकाच्या शेवटी एक पान द्या आणि त्यावर लिहा, इतकं बखरीतलं, इतकं माझं. त्यानं कादंबरीची गोडी तसूभर कमी होत नाही. आणि वाचकहो, तुम्ही ते पान वाचा, मग पुन्हा पहिल्या पानापासून रंगून जा. फकीर म्हणा, गोंधळी म्हणा, मनात त्याला हवं ते सोंग द्या. फक्त त्याचं नाव, गाव, जात विचारत दारोदार हिंडू नका. हयातीत त्याच्या मागावर असले, तर ते शत्रूचे लोक. आता तरी त्याला आपल्याच माणसांनी धरून देऊ नये.