डाग कशाचा?

गेल्या महिन्यात माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर, वरच्या बाजूला मधोमध, एक काळपट डाग दिसू लागला. चहाचा शिंतोडा असेल म्हणून मऊ, ओलसर फडक्याने पुसला. गेला नाही. सौ. म्हणाली, "अहो, आधी चष्मा पुसा." तोही पुसला. नव्या कादंबरीचे अकरावे प्रकरण चालू होते आणि पानाची वरची ओळ रोज त्या डागात बुडत होती.

दुकानात नेला. काउंटरवरच्या मुलाने झाकण उघडून क्षणभर पाहिले. "काका, पॅनल गेलं. आठ हजार होतील."

"पण गेलं कशानं?"

"जातात, काका."

माझे भांडण आहे ते या 'जातात'शी. १९८३ साली मी बँकेत लागलो तेव्हा खातेवह्या हाताने लिहिल्या जात. बेरजा जुळल्या नाहीत की आमचे हेडक्लार्क आधी फरकाला ९ ने भाग जातो का ते पाहायला सांगत. भाग गेला, की कुठेतरी आकड्यांची उलटापालट झाल्याचा संशय पक्का. ७२ चे २७ झाले तर फरक ४५ येतो. फरकाच्या आकड्यावरून चुकीची जात ओळखायची, मग चूक शोधायची. आळशी माणसे फरक सरळ सस्पेन्स खात्यात टाकून घरी जात. वही जुळे, चूक मात्र तशीच राही.

आठ हजार रुपये सस्पेन्सला टाकायची माझी तयारी नव्हती. लॅपटॉप घरी आणला.

पहिली गोष्ट केली ती म्हणजे स्क्रीनशॉट काढून मुलीला पाठवला. तिचे उत्तर आले, "बाबा, यात डाग कुठाय?" म्हणजे दोष आतल्या चित्रात नव्हता, काचेत होता. मग पडदाभर कोरे पांढरे पान उघडून डाग नीट पाहिला. माझ्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके आहेत, म्हणजे एकूण २०,७३,६००. त्यातला एखादा मेला तर टाचणीच्या टोकाएवढा बिंदू दिसतो, आणि तो पसरत नाही. काच आतून तडकली तर शाई सांडल्यासारखा गडद, रेखीव काठाचा डाग पडतो. माझा डाग रुपयाएवढा, पुसट कडांचा होता. अशी खूण बहुधा दाबाची असते. हे पडदे स्वतः उजेड देत नाहीत; मागच्या दिव्यांचा उजेड पातळ थरांतून पुढे येतो. त्या थरांवर सतत दाब पडला की तिथला उजेड मंदावतो.

पण दाब कशाचा? झाकण मिटले आणि उत्तर मिळाले. मिटल्यावर पडद्याची वरची बाजू येते ती नेमकी टचपॅडवर. टचपॅड चांगलाच वर आला होता, आणि टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप डुगडुगत होता. आतली बॅटरी फुगली होती! चार वर्षे मी तो रात्रंदिवस चार्जिंगला लावून ठेवत होतो. लिथियमच्या बॅटऱ्या जुन्या झाल्या, तापत राहिल्या की आत वायू धरतो. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जही करायची नाही. ती पेट घेऊ शकते. आणि मी तिच्यावर मनगटे टेकून अकरावे प्रकरण लिहीत होतो. नवे पॅनल बसवले असते तर तेही त्याच फुगवट्यावर दाबले गेले असते, आणि बॅटरी तशीच आत राहिली असती.

लॅपटॉप तिथल्या तिथे बंद केला आणि दुसऱ्या एका कारागिराकडे नेला. त्याने तो उघडायच्या आधीच सांगितले, "तपासणीचे तीनशे घेईन, काम करा किंवा करू नका." शेजारी उभे असलेले एक गृहस्थ पुटपुटले, "नुसतं बघायचे तीनशे?" त्यांचेही नवल नाही. आपण सुट्या भागाचे पैसे कुरकुर न करता देतो, आणि पाहण्याचे द्यायचे म्हटले की हात आखडतो. मग त्या काउंटरवरच्या मुलाने अर्धा तास खर्चून स्क्रू उघडावेत तरी का? त्याची मिळकत पॅनलवर होती, शोधण्यावर नव्हती. माझा राग थोडा निवळला तो तिथे.

बॅटरी बदलली. टचपॅड खाली बसला. डाग फिकट झाला आहे, पण गेलेला नाही. आता जाणारही नाही, असे कारागीर म्हणतो. मी पान दोन बोटे खाली सरकवून लिहितो.