स्पोर्ट्स मोटार आणि तिची निगा

आमच्या विद्यार्थिमित्रांच्या वह्यांवर हल्लीं जीं चित्रें चिकटविलेलीं दिसतात, त्यांत वेगवान स्पोर्ट्स मोटारींस अग्रस्थान आहे. मधल्या सुटींतील चर्चाहि बहुधा ह्याच विषयाची. कोणत्या मोटारीची धांव ताशीं किती, कोणत्या इंजिनाची अश्वशक्ति किती, कोणाची किंमत किती! ह्या आवडीस नांवें ठेवण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. उत्तम यंत्र पाहून ज्याच्या मनांत कौतुक उत्पन्न होत नाहीं, तो विद्यार्थी कसला? परंतु ह्या सर्व चर्चेंत एक प्रश्न आम्हीं कधींहि ऐकिला नाहीं. तो असा कीं, अशी मोटार वीस वर्षें चांगली राखावयाची तर काय करावें लागतें? आमच्या मतें मोटारीविषयींचें खरें ज्ञान ह्याच प्रश्नापासून सुरू होतें.

उदाहरणादाखल आपण जपानांतील माझदा कंपनीची एम्.एक्स्.-५ ही दोन बैठकींची उघडी मोटार घेऊं. इ. स. १९८९ च्या फेब्रुवारींत शिकागोच्या प्रदर्शनांत ती प्रथम जगापुढें आली, आणि २०१६ च्या एप्रिलांत तिच्या संख्येनें दहा लाखांचा आंकडा गांठला. पहिल्या पिढींतील मोटारीचें वजन सुमारें ९५० किलो. इंजिन पुढें, जोर मागल्या चाकांस, आणि डोक्यावर उघडझांप करतां येणारा कापडी टप. आमच्या बहुतेक वाचकांनीं ती चित्रांतच पाहिली असेल. तथापि तीस वर्षांहून अधिक काळ ती लोकांच्या वापरांत असल्यामुळें तिच्या खोडी सर्वश्रुत झाल्या आहेत, म्हणूनच ती आम्हीं निवडिली.

मौज अशी कीं, ह्या मोटारीचा घात वेगानें क्वचितच होतो. तो होतो एका बोटभर जाडीच्या नळीनें. टपावरून ओघळणारें पावसाचें पाणी बैठकींच्या मागें असलेल्या दोन नळ्यांतून खालीं वाहून जावें, अशी योजना आहे. ह्या नळ्यांत पालापाचोळा व माती अडकली म्हणजे पाणी तुंबतें, गालिचाखालीं मुरतें, आणि दाराखालच्या पोकळ पत्र्यांत शिरून त्यास आंतून खातें. बाहेरचा रंग चकचकीत, आंत मात्र गंज! धन्यास कळतें तेव्हां पत्रा कापून नवा जोडण्यावांचून गत्यंतर नसतें. वर्षांतून दोनदां नळ्या साफ करण्यास दहा मिनिटें पुरतात. त्या दहा मिनिटांच्या आळसाची ही किंमत.

दुसरी खोड तेलाची. पहिल्या पिढींतील पुष्कळ मोटारींतून सकाळीं इंजिन सुरू करतांच टकटक असा आवाज येतो. झडपांशीं असलेले लहान दट्टे ऑईलच्या दाबावर चालतात. ऑईल मळलें किंवा कमी झालें कीं ते ठोके देऊं लागतात. ठोका ही यंत्राची तक्रार होय. जो ती ऐकून ऑईल तपासतो त्याचें काम थोडक्यांत भागतें. तसाच इंजिनांतील टाइमिंग बेल्ट. हा रबरी पट्टा सुमारें १ लाख किलोमीटरांनीं बदलावा असा नियम आहे. तो तुटला तर मोटार त्याच क्षणीं, असेल तेथें, उभी राहते. रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टांकीचा काळा रंग जाऊन ती तपकिरी दिसूं लागली म्हणजे तिला तडा जाण्याची वेळ जवळ आली असें समजावें.

परंतु सर्वांत गंभीर गोष्ट ब्रेकांची. ब्रेक ऑईल हवेंतील ओलावा हळूहळू शोषून घेतें. डॉट ४ जातीचें नवें ऑईल २३० अंश सेल्सिअसच्या आंत उकळूं नये, अशी त्याच्या दर्जाची अट आहे. त्यांत शेंकडा चारांच्या आंतबाहेर पाणी मिसळलें कीं हीच मर्यादा १५५ अंशांवर उतरते. घाटाच्या लांब उतारावर ब्रेक तापले आणि हें ऑईल उकळलें, तर नळींत वाफ होते, पायाखालचें पेडल खोल जातें, आणि मोटार थांबत नाहीं. म्हणून दर दोन वर्षांनीं तें बदलावें, मोटार चालो वा न चालो.

"चालो वा न चालो" ह्या शब्दांवर आम्ही मुद्दाम भर देतों. कारण ह्या बाबतींत सर्वांत घातक सबब जर कोणती असेल तर ती ही कीं, "आमची गाडी फारशी बाहेर निघतच नाहीं!" अशी मोटार बहुधा हौसेची असते, ती झांकून ठेवतात, पुसतात, पाहुण्यांस दाखवितात. तेवढ्या काळांत बॅटरी उतरते, टायरांचें रबर कडक होतें, मागल्या ब्रेकांचे दट्टे जाम होतात. इ. स. २००० पासून टायरच्या बाजूवर त्याच्या जन्माचा आठवडा व वर्ष चार आंकड्यांत छापलेलें असतें. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत आहे एवढ्यावर विसंबूं नये, हे आंकडे वाचावे. यंत्राचें वय किलोमीटरांनीं वाढतें तसेंच तें दिनदर्शिकेनेंहि वाढतें.

कोणी म्हणेल, "नव्या मोटारींत सूचना देणारे दिवे आहेत, आणि दुरुस्तीस कुशल मिस्त्री आहेत, मग मुलांनीं हात काळे कां करावे?" ह्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. एम्.एक्स्.-५ च्या तिसऱ्या पिढीपासून पट्ट्याऐवजीं सांखळी आली, व टाइमिंग बेल्टची काळजी मिटली. ब्रेकांचें काम तर जाणत्या हातींच सोपवावें. परंतु ऑईलच्या दाबाचा तांबडा दिवा लागतो तो दाब उतरल्यावर. तो आठवण देत नाहीं, आकांत करतो. तुंबलेल्या नळीस दिवाच नसतो. मिस्त्रीस बोलावण्याची वेळ आली हें ओळखण्यास धन्याचे कान व डोळेच हवे.

शुभवर्तमानांतील विश्वासू कारभाऱ्याची गोष्ट आपण प्रार्थनेच्या वेळीं पुष्कळदां ऐकतों. हातीं आलेली वस्तु ही उपभोगाची तशीच जबाबदारीचीहि असते, हें मोटारीइतकें रोकठोक शिकविणारी दुसरी वस्तु आम्हांस ठाऊक नाहीं. म्हणून पालकांस आमची आग्रहाची विनंती आहे. १८ वर्षें पूर्ण होऊन परवाना मिळाला एवढ्यानेंच, मुलगा असो वा मुलगी, किल्ली हातीं देऊं नये. ऑईलची पट्टी पुसून पातळी पाहणें, टायरची हवा मोजणें, ब्रेक ऑईलची डबी तपासणें, पाण्याच्या वाटा साफ ठेवणें, आणि केलेल्या कामाची तारीख वहींत टिपणें, इतकें जमल्यावर ती द्यावी. वाहन स्पोर्ट्स मोटार असो कीं वडिलांची जुनी स्कूटर, नियम एकच. विद्यार्थ्यांनीं वहीवरचें चित्र खुशाल ठेवावें. मात्र त्याच वहीच्या शेवटच्या पानावर आजच ही यादी उतरून घ्यावी आणि रविवारीं घरांतील वाहनापाशीं जाऊन तिचा आरंभ करावा.