चार महिन्यांची हिरवळ

उत्तर युरोपात काही दिवस काढून आलेली आपली सुशिक्षित मंडळी तेथील गोल्फवेडाची जी थट्टा करतात, ती ऐकून ऐकून आमचे कान किटले आहेत. वर्षाचा अर्धाअधिक काळ जमीन हिमाखाली, सूर्याचे दर्शन दुर्मिळ, आणि अशा देशांतल्या लोकांनी हिरवळीवरचा खेळ खेळावा, हा या मंडळींच्या मते शुद्ध वेडेपणा. ज्या खेळाला निसर्गच नको म्हणतो, तो उसन्या हौसेने खेळायचा कशाला, असा त्यांचा सवाल असतो. पैशाची व जमिनीची नासाडी हा दुसरा आक्षेप त्याच्या पाठोपाठ येतोच. या दुसऱ्या आक्षेपात तथ्याचा काही अंश आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पहिला मात्र केवळ अज्ञानातून निघालेला आहे.

गोल्फ हा उन्हाळ्याचा खेळ, ही समजूतच मुळी अर्वाचीन आहे. ज्या स्कॉटलंडात हा खेळ वाढला, आणि जेथील पार्लमेंटाने धनुर्विद्येच्या सरावात व्यत्यय येतो म्हणून 1457 साली त्यावर बंदी घातली, तेथे समुद्रकाठच्या कुरणांवर तो मुख्यतः थंडीतच चाले. कारण अगदी साधे होते. उन्हाळ्यात गवत माजे व चेंडू हरवे. हिवाळ्यात गवत आखूड राही आणि जमीन घट्ट होई. गवत कापण्याचे यंत्र बडिंग नावाच्या इंग्रजाने काढले ते 1830 साली, आणि खेळाच्या मैदानांवर ते रुळावयास पुढे आणखी कित्येक वर्षे जावी लागली. तेव्हा निसर्गाचा दाखला देणाऱ्यांना आमचा उलट प्रश्न असा, की आपण निसर्ग म्हणता तो कोणता? बडिंगच्या यंत्राने कातरलेला?

आता आइसलंडकडे पाहा. सुमारे चार लाख वस्तीचा हा देश. त्यात साठांवर गोल्फची मैदाने आहेत. पुष्कळशी नऊ गलांचीच आहेत आणि गावकऱ्यांच्या वर्गणीवर व अंगमेहनतीवर चालतात. तेथील गोल्फसंघ 1942 साली स्थापन झाला. खेळाडूंच्या संख्येत फुटबॉलच्या खालोखाल याच खेळाचा क्रम लागतो. मोसम मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंतचा, तोही वाऱ्यापावसाने वारंवार मोडणारा. पण जूनमध्ये अंधार असा पडतच नाही. दिवसाचे काम उरकून, जेवणखाण आटोपून, रात्री दहाला खेळावयास निघालेला मनुष्य तेथे वेडा ठरत नाही. उत्तर किनाऱ्यावरील अकुरेयरी येथे 1986 सालापासून भर मध्यरात्रीची स्पर्धा भरते. सूर्य क्षितिजाला जेमतेम टेकून पुन्हा वर येतो, तेवढ्यात खेळाडूंची फेरी चालू असते. रेक्याविकनजीकच्या एका मैदानावर तर कुररी पक्षी घरटी करतात आणि जवळ येणाऱ्याच्या टाळूवर चोच मारतात. तेव्हा खेळाडू हातातली काठी डोक्यावर उंच धरून चालतात, कारण हा पक्षी सर्वांत उंच असेल त्यावर झडप घालतो. हा पाहुणाही दक्षिण ध्रुवाकडून तेवढ्या चार महिन्यांसाठीच आलेला असतो. त्याला कोणी विचारीत नाही, की एवढ्याशा मोसमासाठी इतका खटाटोप कशाला.

आमच्या मुंबईकर मित्रांस तर ही थट्टा मुळीच शोभत नाही. भर पावसाळ्यात, चिखलात आणि गुडघाभर गवतात क्रिकेट खेळण्यासाठी 1948 सालापासून कांगा लीग चालविणारे शहर त्यांचेच ना? तेथे चेंडू कसा उसळेल याची शाश्वती नसते, म्हणूनच तेथे फलंदाज घडतो असे आपण अभिमानाने सांगतो. आपल्या अंगणातला चिखल तो पुरुषार्थ, आणि दुसऱ्याच्या अंगणातले हिम तो वेडेपणा, हा न्याय आम्हांस समजत नाही. अल्प मोसमाने खेळ कच्चा राहतो, हेही खरे नव्हे. 2016 साली ब्रिटिश ओपन जिंकणारा हेन्रिक स्टेन्सन आणि स्त्रियांच्या दहा प्रमुख स्पर्धा जिंकणारी आनिका सोरेनस्टाम, हे दोघे स्वीडनमध्येच खेळ शिकले.

राहिला नासाडीचा आक्षेप. मैदान आठ महिने ओस पडते, असे म्हणणाऱ्याने ते जानेवारीत पाहिलेले नसते. स्वीडन, नॉर्वे, फिनलंड येथील कित्येक मैदानांवर हिवाळ्यात स्कीच्या वाटा आखतात. तेवढी गलांभोवतीची नाजूक हिरवळ दोर लावून राखतात आणि बाकीची जमीन गावाला मोकळी असते. आपल्या शहरांतली मैदाने बारा महिने हिरवी असूनही बारा महिने कुंपणाआड असतात, हे जाता जाता नमूद करून ठेवतो.

मात्र मोसम अल्प आहे हे ज्यांना सोसवत नाही, त्यांची बाजू आम्ही घेणार नाही. हिवाळा आला की स्पेन-पोर्तुगालची विमाने भरणारे धनिक, आणि एप्रिलातच हिरवळ गुळगुळीत हवी म्हणून बागवानाच्या मागे लागणारे सभासद, हेच या खेळाची बदनामी करतात. हिमाखाली वाढणाऱ्या बुरशीवर शरद ऋतूत औषधे फवारावी लागतात, ती या उतावळेपणापायी वाढतात. सरकारांनी त्यांवर निर्बंध आणले, ते योग्यच केले.

आणि बागवानाची अडचण या मंडळींना ठाऊक तरी असते काय? भुसभुशीत हिमाखाली गवत मरत नाही; ती त्याची गोधडी होय. मरते ते बर्फाखाली. मध्येच पाऊस पडला, हिम वितळले आणि रात्रीत पुन्हा गोठले, की काचेसारखा थर बसतो. आत हवा जात नाही, गवताच्या श्वसनाने साठलेले वायू बाहेर पडत नाहीत, आणि ते गुदमरते. पोआ अ‍ॅनुआ नावाचे रानवट गवत दोनएक महिन्यांतच दगावते. बेंट जातीचे त्याहून पुष्कळ दिवस तग धरते. कोणती जात कोठे लावावी, बर्फ केव्हा फोडावा आणि केव्हा तसाच राहू द्यावा, यांसारख्या प्रश्नांचा अभ्यास करण्यासाठी उत्तरेकडील पाच देशांच्या गोल्फसंघांनी मिळून 2006 साली एक संशोधनसंस्था काढली आहे. पृथ्वीचे तापमान वाढते आहे, आता तुमचा मोसम लांबेल, असे जे त्यांस हसत सांगतात, त्यांनी हे लक्षात घ्यावे, की जेथे हिवाळ्यात पूर्वी हिम पडे तेथे आता पाऊस पडू लागला आहे, आणि तोच गोठून त्या हिरवळीवर बसतो. फेब्रुवारीच्या थंडीत कुदळ घेऊन निघणाऱ्या बागवानास ही वार्ता आनंदाची वाटत नाही.