'विल बी'चा दंड

आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीच्या मोबाईलवर बँकेचा मेसेज आला. त्यात 'डेबिट' शब्द दिसला. हप्ता कटला असं समजून तिनं खात्यातले उरलेले पैसे काढले आणि किराणा भरला. चार दिवसांनी हप्ता बाऊन्स, वर दंड! "ताई, पैसे तर कटले होते ना?" मेसेजमध्ये होतं 'विल बी डेबिटेड', म्हणजे कापले जाणार. कापून झाले असते तर 'हॅज बीन' असतं.

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. आमची एबीसीडी पाचवीतली. काळ पाठ केले, तेही परीक्षेपुरते. आता सावनेरच्या आमच्या बैठकीत पासबुक उघडून दर वेळी पाच शब्द शिकतो. बॅलन्स, ड्यू डेट, इंटरेस्ट, गॅरंटर. गॅरंटर म्हणजे नुसती सही नव्हे. दुसरीचं कर्ज थकलं तर आपल्याला भरावं लागतं.

कागद मराठीत मागायचाच. पण इंग्रजी ओळीचा अर्थ विचारायला लाजायचं कशाला? सावित्रीबाईंनी १८५४च्या 'काव्यफुले'तच इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता. मैत्रिणींनो, फाडफाड बोलणं राहू द्या. आपला पैसा गेला की जाणार आहे, एवढं तरी आपलं आपल्याला वाचता यायला हवं.