आंबटानंतर अर्धा तास थांबा, एवढं मुलांना सांगा

श्री. सचिन तेंडुलकर यांस,


३० मे २०२३ रोजी महाराष्ट्र शासनाने तुम्हाला स्वच्छ मुख अभियानाचे ‘स्माइल ॲम्बॅसिडर’ नेमलं. दोनदा दात घासा, खाल्ल्यावर चूळ भरा, पौष्टिक खा, धूम्रपान टाळा, दंतवैद्याला नियमित दात दाखवा, हे अभियानाचे संदेश मी शहाडच्या मुलांना सांगते. त्यांत एका वाक्याची भर घालावी, ही विनंती करायला हे पत्र.

शहाडच्या मुलांना आम्ल आणि अल्कली नवे नाहीत. इथल्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यात लाकडाच्या लगद्यावर कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया होते. तो द्राव गंधकाम्लात सोडला की धागा बनतो. ही रसायनं जपून हाताळायची, हे कामगारांच्या घरातल्या पोरांनाही ठाऊक असतं. तीच पोरं शाळा सुटली की कोलाची बाटली तोंडाला लावतात.

कोलाचा सामू (पीएच) अडीचच्या आसपास असतो. लिंबाचा रसही जवळपास तितकाच आम्लधर्मी. तोंडातला सामू साडेपाचच्या खाली घसरला की दातांवरच्या इनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतं. बिस्किटं-चॉकलेटं खाल्ली तर दातांवरचे जिवाणू साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात आणि परिणाम तोच होतो.

यावर निसर्गाचा उपाय म्हणजे लाळ. तिच्यातलं बायकार्बोनेट आम्ल मारतं, तिच्यातलं कॅल्शियम दाताची झीज भरू लागतं. त्याला साधारण अर्धा ते एक तास लागतो. एकच बाटली तासभर घोट घोट पीत राहिलं, तर लाळेला ती सवड मिळतच नाही. झोपेत तर लाळ फारच कमी सुटते.

माझी काळजी वेगळीच आहे. सांगितलेलं मनापासून ऐकणारं मूल कोला पिऊन लगेच ब्रश हातात घेतं. आम्लाने मऊ पडलेलं इनॅमल तेव्हा ब्रशने खरवडलं जातं. दात पांढरे व्हावेत म्हणून लिंबू-मीठ चोळण्यानेही तेच होतं. आणि झिजून गेलेलं इनॅमल पुन्हा तयार होत नाही, कारण ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच संपलेल्या असतात.

अल्कलीचाही धोका आहे. तंबाखूत मळलेला चुना तीव्र अल्कली असतो. तो तोंडाची नाजूक त्वचा भाजतो आणि निकोटिन झपाट्याने रक्तात शिरू देतो. वडिलांना दिलेल्या शब्दाखातर तुम्ही तंबाखूच्या जाहिराती नाकारल्यात. मुलांना मी हे अभिमानाने सांगते. शीतपेयाच्या जाहिरातींत मात्र तुम्ही एकेकाळी दिसलात, म्हणून ही सूचना तुमच्याच तोंडून आली तर तिला जास्त वजन येईल.

चिंच, कैरी, कोकम खाणं सोडा असं माझं म्हणणं नाही. ते जेवणासोबत खावं, तेव्हा लाळ भरपूर सुटते. तुम्ही एवढंच सांगा: ‘आंबट खाल्लं किंवा कोला प्यायलात, तर आधी साध्या पाण्याने चूळ भरा. अर्धा तास थांबा, मग ब्रश करा. रात्री ब्रश केल्यावर पाण्याशिवाय काही नको.’

सहाव्या वर्षापासून येणारे कायमचे दात या मुलांना जन्मभर पुरवायचे आहेत. आमच्या वर्गातल्या बहुतेकांचे ते आत्ताच येत आहेत. म्हणून ही सूचना लवकर यावी.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका, शहाड