हेतूचा शोध आणि वारसांचा घास

पांढरकवड्यावरून जाणारा नागपूर–हैदराबाद महामार्ग असो की वणीच्या कोळसा खाणींचे रस्ते, यवतमाळ जिल्ह्यातील शेतमजूर तेथून जीव मुठीत धरूनच चालतो. चालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मिळावी, हे तत्त्व मोटार वाहन कायद्यात 1982 साली आले. तेव्हा मृत्यूबद्दल 15 हजार रुपये मिळत. 1 एप्रिल 2022 पासून कलम 164 अन्वये मृत्यूस 5 लाख व गंभीर दुखापतीस अडीच लाख ठरले आहेत.

मात्र या हक्काच्या दाराशी ‘अपघात’ हा शब्द पहारेकऱ्यासारखा उभा आहे. इजा हेतुपुरस्सर असेल तर काय? 2000 सालच्या रीता देवी खटल्यात, रिक्षा पळविण्यासाठी चालकाला ठार करण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मंजूर केली. मूळ हेतू चोरीचा असेल तर खून हा अपघात ठरतो. मूळ हेतूच जीव घेण्याचा असेल तर तो निव्वळ खून होय, असा भेद न्यायालयाने केला.

हा भेद तर्कशुद्ध असेल. परंतु मारेकऱ्याच्या मनातील हेतूवर विधवेचा घास का अवलंबून राहावा? मृताच्या दृष्टीने दोन्ही घाले सारखेच अनपेक्षित असतात. राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत खुनाचा समावेश आहे. तेथे जे शक्य आहे, ते मोटार विम्यात अशक्य का मानावे?

स्वतःहून करून घेतलेल्या इजेचा प्रश्न वेगळा आहे. मालक-चालकाच्या 15 लाखांच्या वैयक्तिक अपघात विम्यातून आत्महत्या व स्वतःहून केलेली इजा वगळलेली आहे. पैशासाठी कोणी अंग मोडून घेऊ नये, हा युक्तिवाद रास्तच आहे. पण शेतकरी आत्महत्यांनी ज्याचे नाव देशभर झाले, त्या जिल्ह्यात कर्जबाजारी माणूस रात्री दुचाकीवरून पडून मेला, तर संशय घेणे फार सोपे असते. कर्ज हा आत्महत्येचा पुरावा नव्हे. हप्ता घेताना कंपनी हेतू विचारत नाही. दावा नाकारताना मात्र तो सिद्ध करण्याचा भार तिनेच वाहिला पाहिजे.

म्हणून मागणी स्पष्ट असावी : उलट सिद्ध होईपर्यंत मृत्यू अपघातीच मानावा. वाहन घालून कोणी जाणूनबुजून जीव घेतला, तर कंपनीने आधी वारसांना रक्कम द्यावी आणि मग ती गुन्हेगाराकडून वसूल करावी. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी पंचनाम्याच्या वेळी हजर राहावे. कारण तेथे पडलेला एक शब्द पुढे न्यायाधिकरणात पुसता येत नाही.