स्कीच्या दुकानात वय चोरू नका

दोन वर्षांपूर्वी व्हर्माँटमध्ये भाड्याने स्की घेताना फॉर्म भरायचा होता. वजन, उंची, वय आणि स्की करण्याची पद्धत: सावध, मध्यम की आक्रमक? मुलं शेजारीच उभी होती. मी ५२ च्या जागी ४९ लिहिलं आणि ‘आक्रमक’वर खूण केली. दुपारी अगदी हळू जाताना पडलो. पाय पिळला, पण स्की काही सुटली नाही. गुडघा तीन आठवडे सुजलेला होता. दोष दुकानाचा नव्हता, माझाच होता.

बूट स्कीला धरून ठेवतं ते बाइंडिंग. किती जोर पडल्यावर ते सुटावं, याचा आकडा म्हणजे ‘डिन’. तो वजन, उंची, बुटाच्या तळव्याची लांबी, वय आणि पद्धत यांवरून एका तक्त्यात पाहून ठरवतात. पन्नाशीनंतर हा आकडा मुद्दाम एक पायरी खाली आणतात. म्हणजे मी दोन खोट्या उत्तरांनी माझं बाइंडिंग दोनदा घट्ट करून घेतलं होतं!

दुसरी चूक स्कीच्या रुंदीची. सध्या रुंद स्कीची फॅशन आहे. भुसभुशीत बर्फात ती छान तरंगते. पण अमेरिकेच्या पूर्वेकडचा बर्फ बऱ्याचदा टणक असतो आणि तिथे सगळा भार स्कीच्या एका कडेवर येतो. पायाखाली १०० मिमी रुंद स्की असेल, तर कड मध्यापासून ५० मिमी दूर. ७६ मिमीची असेल तर ३८ मिमी. तरफेचा नियम आपण शाळेत शिकलोच आहोत: तेवढ्याच जोराला पीळ जवळपास एक तृतीयांश जास्त. तो सोसतात घोटा आणि गुडघा.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पन्नाशीनंतर पैसे आधी बुटांवर खर्च करा. बूट सैल किंवा फार कडक असेल तर माणूस मागे रेलतो, मांडीचे स्नायू सतत ताणलेले राहतात आणि वाटीवरचा दाब वाढतो. मग स्की घ्या: अरुंद, थोडी आखूड, लवचीक. बाइंडिंग दर हंगामाआधी तपासून घ्या.

‘महागडं बाइंडिंग घेतलं की झालं’ असं मात्र समजू नका. बाइंडिंगमुळे नडगीची हाडं मोडणं खूप कमी झालं, पण गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध त्याने तितकासा वाचत नाही. तिथे मांड्यांची ताकद आणि वेळेवर थांबणं हेच कामी येतं. गुडघा आधीच दुखत असेल, तर दुकानाआधी फिजिओथेरपिस्टकडे जा.

यंदा मी फॉर्मवर ५४ लिहिलं आणि ‘सावध’वर खूण केली. मुलगी हसली. संध्याकाळी मात्र जिने मी तिच्या बरोबरीने चढलो.